भीमाबाईंचं रडणं

आमच्या विद्यापीठात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आप किस ब्रांच में हैं?" मी "मानव्यविद्या" म्हणते. मग चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जेवायला बसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघतो. विद्यापीठ तंत्रज्ञानाचं. यंत्रं, संगणक, पूल आणि धरणं यांच्या गर्दीत आमचा विभाग वर्कशॉपच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर आहे. इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरांना इंग्रजीत अर्ज लिहायला आणि मुलाखतीत नीट बसायला शिकवणं हे आमचं काम. ताटातल्या लोणच्यासारखे आम्ही. असलो तर बरं, नसलो तरी कुणी उपाशी उठत नाही.

"आप लोग रिसर्च भी करते हैं?" हा पुढचा प्रश्न.

"करतो."

"किस पर?"

"रडण्यावर," मी सांगते. मग माणूस हसतो. पूर्वी मला राग यायचा. अजूनही येतो, पण आता मी तो चहाबरोबर गिळते.

रडण्यावर म्हणजे हेल काढून रडण्यावर. आपल्याकडे बायका माणूस गेल्यावर जे सुरात, शब्दांत, नावं घेऊन रडतात, ते. शहरातल्या माणसांना तो आरडाओरडा वाटतो. मलाही वाटायचा, बाबा जाईपर्यंत.

बाबा, म्हणजे वसंतराव, विमा कंपनीत अधिकारी होते. सांगलीहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. ते गेले तेव्हा विद्याधर नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणीही रडलं नाही. आमच्या घराण्यात मोठ्याने रडणं म्हणजे चारचौघांत ढेकर देण्यासारखं. आई सोफ्याच्या टोकाला ताठ बसली होती. माझा धाकटा भाऊ निनाद बंगळुरूहून आला होता आणि शववाहिनीवाल्याशी फोनवर बोलत होता. लोक येत, "बहुत अच्छे आदमी थे" म्हणत आणि बसायला जागा शोधत. मी सगळ्यांना पाणी देत होते. बाप गेला होता आणि मी ट्रे धरून उभी होते.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि बाहेरून आवाज आला.

"अवो साहेऽऽब... मले हापिसाचा उंबरा झिजवू नाई देल्ला वो साहेऽऽब... माह्या लेकराची शाळा तुमी सुटू नाई देल्ली वो साहेऽऽब..."

या भीमाबाई. त्यांचा नवरा पंढरीनाथ रेल्वेत गँगमन होता. रुळावर काम करतानाच तो गेला. विम्याची सगळी कागदपत्रं बाबांनी स्वतः हिंडून पुरी केली होती आणि घरी ते एका शब्दानं बोलले नव्हते. बाबा असा माणूस होता हे आम्हाला लिफ्टपासून दारापर्यंतच्या त्या रडण्यातून कळलं. मजल्यावरची दारं उघडली. निनाद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, यांना जरा शांत कर ना, लोक बघायला लागलेत." मी शांत करायला गेले. भीमाबाईंनी मला गळ्याशी धरलं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला ओळखू आलं नाही. बाबा गेल्याला अर्धा दिवस झाला होता. ते गेले हे मला तेव्हा कळलं.

म्हणून मी हा विषय घेतला. बढतीसाठी नाही. बढतीसाठी विषय घ्यायचा असता तर दुसरे पुष्कळ होते.

भीमाबाई मूळच्या मूर्तिजापूरकडच्या. मुलगा राजरत्न रेल्वेतच तंत्रज्ञ, जयपुरातच दुर्गापुऱ्याला स्टेशनजवळ त्यांचं घर. मी तिथे जाऊ लागले. सून अमिता अजमेरला वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदीत बुडवून काढलेलं. नात मयूरी कॉलेजात. तिला आजीचं बोलणं कळायचं, पण बोलता यायचं नाही. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि खिडकीतून सतत येणाऱ्या स्टेशनवरच्या घोषणा. भीमाबाई खाटेवर बसून मला समजावून सांगत. रडण्याला एक क्रम असतो. आधी गेलेल्याला नात्यानं हाक मारायची. मग त्यानं काय केलं, काय करायचं राहिलं, ते सांगायचं. मग आपल्या आधी गेलेल्या सगळ्यांची नावं घ्यायची आणि त्यांना निरोप द्यायचा, की अमका येतोय, त्याला घ्यायला या.

"नाव घेतल्याबिगर रडनं लागू नाई होत," त्या म्हणत. "कोन येऊन राह्यलं हे तिकडच्याईले कसं समजन? गाडी आली आन् घ्याले कोनी नाई, असं नाई का होनार?"

हे सगळं त्या सांगत, पण रडून दाखवा म्हटलं की तोंड मिटून घेत.

"रडनं काय पापड लाटनं हाय, दुपारी वेळ भेटला का लाटले? मेल्याबिगर रडलं तं मरन घरात येते वं बाई."

झालं. माझं संशोधन तिथेच अडलं. कुणीतरी मेल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती.

इकडे विभागातही निराळं मरण चाललं होतं. डीनसाहेबांनी सांगितलं की मानव्यविद्येच्या संशोधनाला तंत्रज्ञानाचा हात धरावा लागेल, नाहीतर विभाग गुंडाळून नुसतं भाषा-कौशल्य केंद्र करू. माझा विषय ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, रोने का ॲप्लिकेशन क्या है?"

मला सोडवलं नीरज माथुरने. हा शेजारच्या इमारतीतला संगणकशास्त्राचा प्राध्यापक, सज्जन माणूस. आवाजावरून माणसाचं दुःख ओळखणारं यंत्र त्याला करायचं होतं. आजवर नटांकडून खोटं खोटं रडवून घेतलेले आवाज त्याच्याकडे होते. खऱ्या रडण्याचं नाव काढताच तो खुर्चीतून उठलाच. "स्वप्नाजी, रियल ग्रीफ! ये तो किसी के पास नहीं है." दोघांच्या नावानं प्रकल्प झाला. अडला हरी. रेकॉर्डर त्याच्या प्रयोगशाळेचा, आवाज साठवायची यंत्रणा त्याची, आणि नियम माझा.

नियमाचं सांगायला हवं. या विद्यापीठात माझ्या नावावर अभिमानानं सांगण्याजोगी एकच गोष्ट होती, ती ही. काही वर्षांपूर्वी आमच्या काही इंजिनिअरांनी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहरातल्या, रत्नं घासणाऱ्या कारागिरांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या आणि एका परिषदेत जशाच्या तशा पडद्यावर लावल्या, नावागावासकट. एका कारागिरानं त्यात मालकाबद्दल मन मोकळं केलं होतं. त्याचं काम गेलं. मी सभेत आकांडतांडव केलं. माणसं म्हणजे काय तुमचे नटबोल्ट आहेत का, असं विचारलं. त्यातून नियम झाला: माणसाचा आवाज घेतला की त्यातली नावं, गावं, ओळखीच्या खुणा काढून टाकायच्या, मूळ आवाज नष्ट करायचा, आणि कुणीही घरी प्रत ठेवायची नाही. नियमाचा मसुदा मी लिहिला. डीनसाहेब भर सभेत म्हणाले की माणसांची काळजी घ्यायला मानव्यविद्येचं कुणीतरी हवंच. त्या दिवशी मी वर्कशॉपवरून घरी जाताना जरा ऐटीतच चालले.

तर प्रकल्प झाला आणि मी लोक मरायची वाट बघू लागले. दुसरा शब्द नाही त्याला. मराठी मंडळाच्या गटावर 'दुःखद' हा शब्द दिसला की माझं काळीज आधी धडधडायचं आणि मग मला माझीच लाज वाटायची. मी जायची. तिथे बर्फाची पेटी असायची, मोबाइलवर लावलेलं भजन असायचं, आणि बाहेरगावच्या मुलांच्या विमानाच्या वेळा असायच्या. जयपुरात मराठी माणसं मरत होती, पण रडून कुणी घेत नव्हतं. सगळी घरं आमच्या घरासारखी झाली होती.

मग भीमाबाईंचंच छातीचं दुखणं वाढलं. त्या दवाखान्यातून परत आल्या त्या अर्ध्या होऊन. एका दुपारी मी भेटायला गेले तर त्यांनी अमिताला दुकानात पाठवलं, मयूरी कॉलेजात होती, आणि मला म्हणाल्या, "दार लाव."

मी दार लावलं.

"अमिता रडन," त्या म्हणाल्या. "मनानं चांगली हाय. पन ओढनीत तोंड घालून चूप रडन. राजरत्न तं बापासारखा, डोये लाल करन आन् भाईर जाऊन बसन. माह्यासाठी हेल काढनारी या जयपुरात कोनी हाय का, तूच सांग."

नव्हतीच.

"तुले येते का?"

"मला माहीत आहे सगळं," मी म्हणाले. "पण येत नाही."

"तेच मनलं." त्या हसल्या. "तं उद्या तुह्यं यंत्र आन. माह्यं मीच रडते."

मीच घाबरले. मेल्याशिवाय रडू नये, मरण घरात येतं, हे त्यांनीच सांगितलेलं.

"आता ते आलंच हाय, दारात बसलं हाय," त्या म्हणाल्या. "पन दोन गोष्टी सांगते, त्या ध्यानात ठेव. मी जित्ती असेलोक ते कोनंच आयकाचं नाई. तूबी नाई. आन् मी मेली का मले उचल्याच्या आंधी ते वाजवाचं. तिथी, माह्या उशाशी. मंग मी जाईन. देते का शबूद?"

मी शब्द दिला. त्यांचा हात हातात घेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रडल्या. मी त्याबद्दल नंतर बरंच लिहायचा प्रयत्न केला, पण कागदावर ते येत नाही. पदर डोक्यावरून ओढून त्या जरा वेळ नुसत्या हलत राहिल्या. मग त्यांनी आईला हाक मारली.

"अवं माय वंऽऽ... मूर्तिजापूरच्या ठेसनावर मले गाडीत बसवलं आन् तू मांगं नाई पाह्यलं वं माऽऽय..."

शब्द थोडे होते. त्यांच्या मध्ये श्वास होता, हुंदका होता, तुटेपर्यंत ताणलेला एकेक स्वर होता. हुंदका शब्दाच्या पोटातच यायचा आणि तिथून पुढचा सगळा शब्द ओला व्हायचा. जन्मात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली ती बाई "पंढरीनाथाऽऽ" म्हणाली. आणि मग एक नाव आलं, जे मी त्या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

"माह्ये द्वारकेऽऽ... फुलेऱ्याच्या क्वार्टरात तुह्यं अंग तापलं वं बाऽऽई... तुह्या बापाची डूटी नाई सुटली वं द्वारकेऽऽ..."

द्वारका ही त्यांची पहिली मुलगी. राजरत्नच्या जन्माआधी, फुलेरा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तापानं गेलेली. पंढरीनाथनं पुन्हा तिचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि भीमाबाईंनी ते नाव पोटात ठेवून सगळा जन्म काढला होता. मुलालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यात शेवटी त्यांनी सगळ्यांना निरोप दिला.

"तुमची भीमी येऊन राह्यली वंऽऽ... तिले ठेसनावर घ्याले याऽऽ... द्वारकेऽऽ, तुह्या मायले घ्याले येऽऽ..."

खिडकीतून गाडीची घोषणा आली, गाडी गेली, तरी त्यांचा आवाज गाडीच्या वर तरंगत होता. मग त्या थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "च्या मांड."

चहा पिताना त्या म्हणाल्या, "द्वारकीचं राजरत्नाले असं सांगू नोको. त्याले ते माह्या रडन्यातून समजू दे. रडन्यातून समजलं का सोसते मानूस."

त्याच संध्याकाळी मी रेकॉर्डर नीरजकडे दिला. घरी प्रत करून घ्यावी असं मनात आलं होतं. लॅपटॉप पिशवीतच होता. पण नियम माझा, मसुदा माझा, आणि मीच चोरून प्रत ठेवायची? मोठी तत्त्वाची बाई मी. मी नीरजला सांगितलं की ही मूळ फाइल नष्ट करू नकोस, नियमावर देखरेख करणाऱ्या समितीकडून मी परवानगी आणते. तो म्हणाला, "चिंता मत कीजिए, सेफ है." मी समितीकडे अर्ज केला. समितीची बैठक परीक्षांमुळे पुढे गेली, मग प्रवेशांमुळे, मग तपासणी पथक यायचं म्हणून. मी दर वेळी आठवण करत होते. भीमाबाई जिवंत होत्या, त्यामुळे घाई नाही असंही वाटत होतं. फाइल मी उघडली नाही. शब्द दिला होता, मरेपर्यंत ऐकायची नाही.

एका सकाळी राजरत्नचा फोन आला. "मॅडम, आई गेली. तिनं सांगून ठेवलंय, तुम्ही ते रेकॉर्डिंग घेऊन या."

मी आधी प्रयोगशाळेत गेले. नीरजला उठवून बोलावलं होतं, तो बिचारा तोंड न धुताच आला होता. त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि खांद्याला हात लावला. "बिल्कुल क्लीन है, स्वप्नाजी. क्वालिटी देखिएगा." मला त्याचं भलं वाटलं. ऑटोमध्ये मी तो पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसले होते. दुःख होतंच, पण एक समाधानही होतं, खरं सांगते. निदान एका माणसाचं तरी नीट रडून होणार होतं. आमचा विभाग आजवर कुणाच्या उपयोगी पडल्याचं मला आठवत नाही. आज पडणार होता.

घर पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी भरलं होतं. भीमाबाई मधल्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर. अमिता उशाशी, ओढणीत तोंड घालून, चूप. मला पाहून ती म्हणाली, "मॅडम, आई मतलब झोपेतच... पता ही नहीं चला." त्रिशरण-पंचशील म्हणायला आलेले एक वयस्कर गृहस्थ भिंतीशी बसले होते. राजरत्ननं त्यांची समजूत आधीच काढून ठेवली होती.

"आपल्या धम्मात असं रडणं बसत नाही, मला माहीत आहे," तो त्यांना म्हणाला. "पण आईचा शब्द आहे. एवढं ऐकू, मग उचलू."

गृहस्थांनी मान हलवली. मयूरीनं आपला छोटा स्पीकर आणि लॅपटॉप आणला आणि आजीच्या उशाशी ठेवला. बायका सरसावून बसल्या. राजरत्न बाहेर जाऊन बसला नाही; तो आईच्या पायाशी गुडघ्यांवर बसला, हात जोडून. मयूरीनं बटण दाबलं.

"माय. च्या ठेसनावर मले गाडीत बसवलं. आन् तू मांगं नाई पाह्यलं. माय."

आवाज भीमाबाईंचा होता. स्वच्छ होता. एकही श्वास नव्हता. एकही हुंदका नव्हता. ताणलेले सगळे स्वर नीट कापून बेताचे केलेले होते. नाव यायचं तिथे जरासं मोकळं, आणि लगेच पुढचा शब्द.

"क्वार्टरात तुह्यं अंग तापलं. बाई. तुह्या बापाची डूटी नाई सुटली."

खिडकीबाहेर स्टेशनवर गाडीची घोषणा चालू होती. खोलीतली आणि बाहेरची, दोन्ही सारख्याच वाटत होत्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं विचारलं, "ये किसके बारे में बोल रही हैं?" मयूरी माझ्याकडे वळली. "मॅडम, आजी किसको बोल रही है?"

"जरा थांबव," मी म्हणाले. "चुकीची फाइल आहे. मी आत्ता खरी मागवते." आणि जिन्यात आले.

नीरजनं पहिल्याच घंटीला फोन उचलला. मी त्याला मूळ फाइल पाठवायला सांगितलं, जशी आहे तशी, आत्ता. तो म्हणाला की त्यानं थांबवायला सांगितलं होतं, पण समितीची परवानगी मुदतीत आली नाही तशी यंत्रणेनं ती आपोआप नष्ट केली. नावं नियमानुसार निघाली. श्वास आणि हुंदके बोलणं नाहीत म्हणून गोंगाटाबरोबर निघाले.

"रूल तो आप ही का था ना, स्वप्नाजी," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. तो बिचारा मला आठवण करून देत होता. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "वैसे मशीन ने इस फाइल को न्यूट्रल बताया था. मुझे लगा, आंटीजी बहुत शांत स्वभाव की होंगी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणावर चिडू? मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली शववाहिनी येऊन लागली होती.

मी परत आत गेले तर सगळे माझ्याकडे बघत होते. मयूरीचं बोट बटणावर होतं. "मॅडम, असली वाली मिल गई?"

"नाही," मी म्हणाले. "हीच आहे."

राजरत्न म्हणाला, "मग हीच पूर्ण लाव. शब्द आहे."

मयूरीनं लावली. भीमाबाईंचा आवाज पुढे बोलत गेला, आणि शेवटाशी आला.

"तुमची येऊन राह्यली. तिले ठेसनावर घ्याले या. तुह्या मायले घ्याले ये."

संपलं. कोण येतंय ते नाही. कोणी घ्यायला यायचं, ते नाही.

मला ते असंच सोडवेना. मला तर सगळं माहीत होतं. क्रम माहीत होता, शब्द माहीत होते, हेल कुठून उचलायचा ते माहीत होतं. या विषयावर मी परिषदांत बोललेली बाई. मी भीमाबाईंच्या उशाशी बसले, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. घशातून काही निघालं नाही. पुन्हा उघडलं. माझ्या आईची ताठ पाठ माझ्या पाठीत होती, आमचा सगळा फ्लॅट माझ्या गळ्यात होता. शेवटी जे निघालं ते बोलणं होतं.

"मूर्तिजापूर," मी म्हणाले. "पंढरीनाथ. द्वारका. भीमाबाई."

वर्गात हजेरी घेते तसं. पंचवीस वर्षं मी नावं अशीच घेत आलेय, दुसऱ्या कुठल्या सुरात मला ती घेता येत नाहीत.

राजरत्ननं मान वर केली. "द्वारका कोण?"

मला गप्प बसता आलं असतं. पण खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते आणि प्रश्न विचारला की मी उत्तर देते.

"तुमची मोठी बहीण," मी म्हणाले. "तुमच्या जन्माआधी फुलेऱ्याला तापानं गेली. आईनं तुम्हाला सांगितलं नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग आईच्या चेहऱ्याकडे. काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं, पण विचारायचं कुणाला? भीमाबाईंनी त्याच्यासाठी रडणं ठेवलं होतं, मी त्याला माहिती दिली. त्याचे डोळे लाल झाले. तो उठला आणि बाहेर जाऊन बसला. आई म्हणाली होती अगदी तसा.

खालून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्या वयस्कर गृहस्थांनी "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू केलं, सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं. अमिता ओढणीत तोंड घालून चूप रडत होती. चौघांनी भीमाबाईंना उचललं आणि अरुंद जिन्यावरून तिरकं करून खाली नेलं. राजरत्न खांदा द्यायला आला, माझ्याजवळून जाताना थांबला आणि रीतीला धरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार केलं आईसाठी. आवाज एकदम साफ आला."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. मी फाटकात उभी होते. पलीकडे स्टेशनवर घोषणा चालू होती. कुठली गाडी, कुठून आली, कुठल्या फलाटावर लागतेय, सगळं नावानिशी सांगत होते. भीमाबाई निघाल्या होत्या आणि त्या येतायत हे तिकडे कुणालाच कळलेलं नव्हतं.